क्रँक निघाली बीडला

वच्छलाबाईंनी फोडणीसाठी मिसळणाचा डबा उघडला, तेव्हा चमच्यात मोहरीबरोबर एक नट आला. जिऱ्याच्या वाटीत तीन वॉशर होते. त्यांनी गॅस बंद केला, डबा तसाच उचलला आणि अंगणात नेऊन नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"ह्ये काय हाय?"

सुंदरराव लिंबाखाली उकिडवे बसून एक बोल्ट पुसत होते. "आगं, मीच ठिवलेत. कप्पे हायती ना त्याला. साइजवार बसत्येत."

"आन डिझेलचा पंप देवघरात कावून?"

"तितं धूळ न्हाई."

चौसाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत अर्ध्या कोसावर सुंदररावांची वस्ती आहे. तिथं आठ दिवसांपासून ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून ठेवलेलं होतं आणि घरात अशी एक जागा उरली नव्हती, जिथं हात टेकला आणि हाताला ऑइल लागलं नाही. दुधालासुद्धा डिझेलचा वास येत होता. सुंदररावांचं म्हणणं, तो म्हशीचाच वास आहे, आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं.

"पाच दिसांवर येळवशीची आवस आली," वच्छलाबाई म्हणाल्या. "धारूरच्या माझ्या तिघी भनी येणार हायती. आंबिलाचं मडकं, भज्जीचं पातेलं, लेकरंबाळं, समदे ट्रॉलीत बसून रानात जेवायला जायचं मी कबूल केलंय. तवर ह्ये चालू झालं तर ठीक. न्हाई तर भंगारवाल्याला सांगून ठिवलंय. दुसऱ्या दिशी येतो म्हणलाय, काटा घिऊन."

सुंदरराव पुसलेलाच बोल्ट पुन्हा पुसू लागले. शहाऐंशी साली बापूंनी, म्हणजे त्यांच्या वडलांनी, हा ट्रॅक्टर आणला, तेव्हा सुंदररावांचे पाय क्लचला पुरत नव्हते. ते उभं राहून चालवायचे. पंचक्रोशीतलं असं एक रान नव्हतं की ज्यात त्या ट्रॅक्टरचा नांगर फिरला नाही. असा जीव काट्यावर चढवायचा म्हणजे काय, हे भंगारवाल्याला कळणार नाही आणि बायकोला सांगता येणार नाही.

"चालू हुईल," लिंबाच्या पलीकडून बंकट मिस्त्री म्हणाला. "वहिनी, आज क्रँक काढतो. क्रँक निघाली का निम्मं काम झालं."

"आन निम्मं ऱ्हायलं त्ये?"

"त्ये क्रँकवर हाय."

बंकट मिस्त्री इंजिनाजवळ डॉक्टरसारखा वागायचा. आधी कान लावायचा, मग वास घ्यायचा, मग मालकाकडं दयेनं बघायचा. इंजिन त्यानं साखळीनं लिंबाच्या फांदीला टांगलं होतं. आता चेंबर काढायचं होतं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ऑइलचं घमेलं. ऑइल रात्रीच सोडून दिलंय, असं बंकट म्हणाला. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सुंदरराव खाली उताणे झोपले आणि शेवटचा बोल्ट त्यांनी स्वतः ढिला केला.

रात्री सोडलेलं ऑइल हे वरवरचं होतं. खरं ऑइल, चाळीस वर्षांचं, बुडाशी खव्यासारखं बसलेलं होतं. ते सुंदररावांच्या डोक्यावर आलं. मिशांवर आलं. सुंदरराव उठून बसले तेव्हा फक्त डोळे ओळखू येत होते.

रॉकेल झालं, बेसन झालं, कपड्याचा साबण दोन वड्या झाला. केस एकमेकांना धरून बसले ते सुटेनात. शेवटी ते चौसाळ्याला न्हाव्याकडं गेले. न्हाव्यानं वस्तरा धुऊन चारदा विचारलं, "मिशा ठिवू का?" सुंदरराव म्हणाले, "नाकाखाली ऑइलचा डेपो घिऊन कुटवर हिंडू? काढ."

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. "माझा सासरा जिता हाय. गेवराईला लेकीकडं बसून दोन टाइम भाकरी खातोय. आन तुमी डोकं आन मिशा काढून आलाव? बगनारानं काय समजावं?"

"समजंल त्ये समजंल. कोण बगायलंय?"

इकडं बंकटनं पिस्टन काढून इंजिन उलटं करून दोन जुन्या टायरांवर ठेवलं होतं. क्रँक म्हणजे इंजिनाचा कणा. चार लोखंडी टोप्यांनी ती जखडलेली असते, आणि ज्या जागची टोपी त्याच जागी परत बसवावी लागते. बंकटनं छिन्नीनं टोप्यांवर खुणा केल्या, पहिलीवर एक, दुसरीवर दोन, अशा चौथीपर्यंत. मग पान्याला चार फुटी पाइप लावून दोघं लोंबकळले. बोल्ट करकरले, टोप्या सुटल्या.

"आता सरळ वर," बंकट म्हणाला. "तिरपी केली तर कड लागंल. आन आता बोलायचं न्हाई कुणी."

दोघांनी दोन टोकं धरली आणि श्वास रोखून उचलली. क्रँक बाहेर आली. चकचकीत, वाकडीतिकडी, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उन्हात. सुंदररावांना उगीचच भरून आलं. बंकटनं फडक्यानं पुसून एकेका जागी नख फिरवलं. पहिल्या जागी नख घसरलं. दुसऱ्या जागी घसरलं. तिसऱ्या जागी अडकलं.

"जळालंय बेअरिंग. घासून घ्यावी लागंल. बीडला सटवाजीकडं."

"उद्या जाऊ."

"सटवाजी उद्या पहाटं लेकीच्या लग्नाला कर्नाटकात चाललाय. पंधरा दिसांनी येतो. आज चारच्या आत क्रँक त्याच्या मशिनीवर चढली तर येळवस. न्हाई तर..." बंकटनं बोलणं अर्धं सोडलं. उरलेलं काट्यावर चढत होतं.

सकाळचे दहा वाजले होते. पप्पूच्या टेम्पोला फोन केला. तो म्हणाला, "फाट्यावर उभा ऱ्हातो. आत येत न्हाई." त्याचंही खरं होतं. पाण्याच्या पाइपासाठी वस्तीचा रस्ता दोन महिन्यांपासून उकरून ठेवलेला होता. कडेनं माणूस कसाबसा चालायचा. म्हणजे क्रँक खांद्यावरून न्यायची.

"दोघं बास की," सुंदरराव म्हणाले.

"खड्ड्यात पाय गेला आन क्रँक आपटली तर केसाएवढी वाकंल. केसाएवढी वाकली का गेली. चौघं पायजेत. आन तिला पाठ टेकवून न्यायची, आजारी माणसावानी."

म्हणून बांबूची शिडी आली. शिडीवर कडबा अंथरला, त्यावर क्रँक निजवली. धूळ बसू नये म्हणून कापड हवं होतं. वच्छलाबाईंनी गोधडी दिली नाही, सतरंजी दिली नाही; शेवटी पेटीतून मांजरपाटाचं नवं पांढरं कापड काढून दिलं. बंकटनं ते डोक्यापासून पायापर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गुंडाळून सुतळीनं पाच ठिकाणी बांधलं. काढलेली बेअरिंगही मापाला न्यायची होती. त्यासाठी डबा मागितला तर वच्छलाबाई म्हणाल्या, "माझ्या एका बी डब्याला आता हात लावायचा न्हाई." गोठ्यात एक काळं, कानतुटकं मडकं होतं. बेअरिंग चिंध्यांत गुंडाळून त्यात घातली आणि मडक्याला दोरी बांधली.

एवढ्यावर निघाले असते तरी चाललं असतं. पण बंकटचा नेम होता. क्रँक इंजिनाबाहेर पडली की नारळ फोडल्याशिवाय तो तिला उंबऱ्याबाहेर नेत नसे. त्याच्या उस्तादाची तशी शिकवण होती. नारळ फुटला. कापडावर कुंकू पडलं, दारच्या झेंडूचा हार पडला, गणपतीतला उरलेला गुलाल पडला. शिडीच्या टोकाला अगरबत्तीचा आख्खा पुडा खोचला गेला.

शेजारच्या रानातले तीन गडी आणि बंकट अशा चौघांनी शिडी खांद्यावर घेतली. खड्डे बघायला सुंदरराव पुढं झाले. डोक्यावर केस नाही, ओठावर मिशी नाही, हातात दोरीचं मडकं.

"पायाकडं बगा," बंकटनं बजावलं. "आन फाट्यापस्तोर तोंडातून सबूद काढू नका. बोलण्याच्या नादात पाय चुकतो."

पहिल्या वळणावर तानाजी विहिरीवर मोटार चालू करत होता. तानाजी म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. त्यानं पाहिलं, हातातली पान्याची पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि न बोलता येऊन एका गड्याच्या खांद्याखालून शिडी आपल्या खांद्यावर घेतली. अशा वेळी कोण, कधी, कसं हे कुणी विचारत नसतं. खांदा द्यायचा असतो. मोकळा झालेला गडी मनात म्हणाला, भला माणूस आहे, आणि आपल्या कामाला परत गेला. पुढच्या दोन वळणांवर बाकीच्या दोन गड्यांनाही असेच भले लोक भेटले.

म्हणजे आता शिडीवर काय आहे, हे शिडीखालच्या एकट्या बंकटलाच माहीत होतं, आणि तोंडातून शब्द काढू नका असं सांगणारा तोच होता. सुंदरराव पुढं. त्यांची नजर खड्ड्यावरून हलत नव्हती.

मधेच तानाजीनं खांदा बदलून घेतला. बाजूला होऊन फोटो काढला, 'बापू गेले' एवढंच लिहिलं आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात टाकून पुन्हा रांगेत लागला. त्या गटात पाच तालुक्यांतले तीनशे लोक होते.

फाट्यालगतचं गाव जवळ आलं, तशी दगडाबाई ओट्यावरून उठली. ती नव्वदीची, गावातल्या प्रत्येक मयतीला पहिला हंबरडा तिचाच. तिनं तो फोडला. सुंदररावांच्या कानावर आलं. त्यांना वाटलं, कुणाच्या तरी घरी वाईट झालेलं दिसतंय, आपण ह्या गडबडीतून लवकर निघालेलं बरं. त्यांनी मान खाली घातली आणि पाय उचलले. बघणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "कसा सोसायलाय बगा. लई जीव व्हता बापावर."

हॉटेलवाल्यानं कढईखालचा जाळ काढला. पानवाल्यानं गाणं बंद केलं. बँकेच्या रांगेतले लोक रांग तशीच ठेवून मागं लागले. फाटा आला, तेव्हा सुंदररावांनी प्रथमच मान वर करून मागं पाहिलं. दीडदोनशे माणसं उभी होती, सगळ्यांच्या माना खाली. त्यांना खरंच गलबलून आलं. ट्रॅक्टरनं प्रत्येकाचं रान नांगरलं होतं, हे त्यांना माहीत होतं. पण लोक एवढं ध्यानात ठेवतील असं वाटलं नव्हतं.

"आता उगी ऱ्हावा," एक म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "कंदी तरी जायाचंच."

"आजच जायाचंय," सुंदरराव म्हणाले. "चारच्या आत. पप्पू कुटंय?"

पप्पू नव्हता. तो वेळेवर आला होता. पण लांबून त्यानं हे सगळं येताना पाहिलं आणि ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं अशा वेळी जे करायचं असतं, ते त्यानं कुणी न सांगता केलं. तो लाकडं आणायला गेला होता.

त्याच वेळी पुढारी विजयसिंहांची पांढरी गाडी फाट्यावर थांबली. निवडणूक दीड महिन्यावर होती. विजयसिंहांच्या डिकीत कायम एक शाल आणि एक हार असे. रस्त्यात लग्न लागलं तर शाल निघायची, मयत लागली तर हार. त्यांनी हार काढला, शिडीवर वाहिला, सुंदररावांना छातीशी धरलं आणि गर्दीकडं वळले.

"बापू गेले," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. "आज माझंच छत्र गेलं. ल्हानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून भाकरी खाल्लीय. सुंदरराव, सोताला एकलं समजू नका. जे लागंल त्ये, ज्या टायमाला लागंल त्या टायमाला, हाक मारा. ह्ये मी समद्या गावासमोर सांगायलो."

सुंदररावांचं तोंड उघडं राहिलं. बापू गेले? कधी? मडकं हातून सुटता सुटता राहिलं. विजयसिंह मांडीवरच्या भाकरीची गोष्ट पुन्हा सांगू लागले, इतक्यात तानाजीचा फोन वाजला. गेवराईहून सुकन्येचा, म्हणजे सुंदररावांच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल होता. तानाजीनं डोळे पुसत तो घेतला आणि पडद्यावर बापू दिसले. कानटोपी घातलेले, चांगलेच लालबुंद.

"तान्या, कोण मेलं बे?"

तानाजीनं डोळे पुसायचे थांबवले. त्यानं फोन नुसताच गर्दीसमोर धरला.

"सुकन्येनं रडून घर डोक्यावर घेतलंय," बापू म्हणाले. "घंटाभर झाला, मला कुणी भाकर दीना. म्हणती, बापू, आता कुटं भूक. आन त्यो पांढऱ्या कपड्यातला कोण बोलायलाय?"

"मी विजयसिंह, बापू," विजयसिंह बारीक आवाजात म्हणाले.

"थांबलाव कावून? बोला की. ब्येस चाललं व्हतं. कोनत्या मांडीवर बसला व्हता त्ये बी सांगा."

गर्दीतून कुणी हसलं नाही. आधी हे ठरायचं होतं की शिडीवर कोण आहे. सुंदररावांना बाप परत मिळाला होता, त्या आनंदात त्यांनीच पुढं होऊन सुतळी सोडली. दोनशे माणसं वाकली. कापडाच्या आत, झेंडूच्या खाली, क्रँक निवांत पडलेली होती.

मग पाठीवरून हात फिरवणारा म्हातारा आणखी वाकला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि म्हणाला, "तिसरं बेअरिंग जळालंय काय?"

झालं. शेतकऱ्याला मयतीत जेवढं कळतं, त्याच्या दुप्पट क्रँकमध्ये कळतं. जो तो पुढं येऊन नख फिरवू लागला. कुणी म्हणाला पॉलिशवर भागेल, कुणी म्हणाला नवीच टाका. दगडाबाईनं एवढंच विचारलं की आता रडायचं थांबवायचं का. तेवढ्यात पप्पूचा टेम्पो आला, काठोकाठ लाकडांनी भरलेला. तो रिकामा करायला तास गेला असता.

सुंदररावांनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी विजयसिंहांकडं पाहिलं.

"सायब," ते अगदी साधेपणानं म्हणाले, "बीडला जायला गाडी लागत व्हती."

आता दोनशे माणसांच्या साक्षीनं दिलेला शब्द दहा मिनिटांत गिळता आला असता, तर ते विजयसिंह कसले. "बसा," ते म्हणाले. क्रँक मागच्या सीटवर सुंदरराव आणि बंकट यांच्या मांड्यांवर आडवी झाली. सीटच्या पांढऱ्या कव्हरांवर काळं ऑइल कसं हळूहळू पसरतं, हे विजयसिंह पुढच्या आरशातून बीडपर्यंत पाहत होते.

बीडला पोचायला एक वाजला. सटवाजीच्या दुकानाला कुलूप होतं. फळीवर खडूनं लिहिलं होतं : 'दुःखद घटनेमुळे दुकान बंद.'

बंकटनं फोन लावला. "सटवाजी, कुटं हाव?"

"चौसाळ्याला. सुंदररावच्या दारात," सटवाजी म्हणाला. "गटात फोटो बगितला आन सुटलो. अरे, म्या मशीन टाकली तवा पयली क्रँक बापूनं आणली व्हती. न येऊन कसं चालंल? तर हितं वहिनी पोहे खावा म्हणायल्या. मयताच्या घरी पोहे?"

"बापू जिते हायती. आमी क्रँक घिऊन तुमच्या पायरीवर बसलोत. चावी कुटंय?"

"माझ्या खिशात."

सुंदररावांनी फोन ओढून घेतला. "सटवाजी, पाया पडतो. पप्पूच्या टेम्पोत बसा आन निगा. आजच्याला क्रँक झाली न्हाई, तर ट्रॅक्टर काट्यावर जातोय."

"येतो की. पण आंघोळ केल्याबिगर मशिनीला हात लावनार न्हाई. मयतीहून आलेला मानूस मी."

"पण मेलं कुणीच न्हाई."

"मी निघालो तवा मेलं व्हतं," सटवाजी म्हणाला. "निघालो त्ये मयतीला निघालो. मागून तुमचं मानूस जितं झालं, त्याला मी काय करू?"

टेम्पो यायला पावणेचार वाजले. सटवाजीनं कुलूप काढलं, क्रँक आत नेऊन मशिनीवर चढवली, आणि तिला हात न लावता, म्हणजे लावलेला हात मोजायचा नाही असं म्हणत, बाहेर येऊन पायरीजवळच्या नळाखाली अंगावरच्या कपड्यांनिशी बसला. डोक्यावर घळाघळा पाणी ओतून घेतलं. मग निथळत आत गेला. बंकट मडकं घेऊन त्याच्या मागं गेला. मशीन घरघरू लागली. पायरीवर सुंदरराव राहिले आणि विजयसिंह राहिले, कारण त्यांचा ड्रायव्हर सीट धुवायला गाडी घेऊन गेला होता.

शेजारचा टायरवाला जेवून परत येत होता. त्यानं फळीवरचा खडू वाचला. नळापासून आत गेलेला ओल्या पावलांचा माग पाहिला. तुळतुळीत डोक्याचा एक माणूस गुडघ्यांत मान घालून बसलेला पाहिला, त्याच्या शेजारी पांढऱ्या कपड्यांतले विजयसिंह पाहिले. त्यानं आपलं शटर अर्ध्यावर ओढलं, चप्पल काढली आणि येऊन गुपचूप पायरीच्या कडेला टेकला. मग बॅटरीवाल्याचं शटर खाली आलं. मग स्पेअर पार्टवाल्याचं. पंधरा मिनिटांत अर्धी गल्ली येऊन बसली.

"किती वाजता हाय?" टायरवाल्यानं हळूच विचारलं.

सुंदररावांचा कान मशिनीच्या आवाजाकडं होता. घासायचा दगड क्रँकला आत्ताच कुठं लागला होता. "सहाच्या आत हुईल म्हणतेत," ते म्हणाले.

टायरवाल्यानं मान हलवली आणि निरोप मागं सरकवला. विजयसिंहांनी एकवार गर्दीवरून नजर फिरवली. चाळीसएक माणसं, सगळी शहरातली, सगळी मतदार. ते सवयीनं उठून उभे राहिले आणि खाकरले.

सुंदररावांनी सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा सायब," ते कानाशी लागून म्हणाले. "कुणाला काय सांगू बी नका. लोक हसाया लागले, तर सटवाजी मशीन थांबवून बगाया येईल. आधी क्रँक हुंद्या."